माठांचं धुराडं

हुरडा आला की लोकांना भूक लागते. मला लाज वाटते.

यंदाही तेच झालं. अमरावतीच्या बाहेरच्या रस्त्याला कणसांच्या जुड्या घेऊन माणसं बसली, गोवऱ्यांचा धूर डांबरावर लोळायला लागला, आणि माझ्या मुलानं, सुधाकरनं, गाडी कडेला घेऊन काच खाली केली. भाजलेल्या कोवळ्या ज्वारीचा वास आत आला. सून वैशाली मागं वळून म्हणाली, "आई, घ्यायचा ना?" मी म्हटलं, "तुम्ही खा. मला चावत नाही." खोटं. मला अजून उसाचं पेरही चावतं.

त्या वासाबरोबर एक हिवाळा येतो आणि समोर बसतो. चाळीसेक वर्षं झाली त्याला.

आमचं गाव बार्शीटाकळी तालुक्यातलं. तेव्हा ज्याच्या त्याच्या वावरात ज्वारी असायची. आता सोयाबीन आणि तूर. हुरडा ही विकत घ्यायची वस्तू आहे असं कोणी सांगितलं असतं तर आम्ही त्याला वेड्यात काढलं असतं. दाणा दुधावर आला की वावरात आगटी पेटायची, म्हणजे जमिनीत खड्डा आणि खड्ड्यात गोवऱ्यांचा विस्तव. गरम कणीस तळहातावर चोळलं की हिरवे दाणे मोकळे होत. तळहात भाजत. धुराचा वास आठवडाभर हातांना राही, देवाला फूल वाहताना सुद्धा. सकाळी ओसरीची फरशी पायाला चावायची. मिठाच्या पाण्यात तुरीच्या शेंगा शिजायच्या. आणि त्या हिवाळ्यात सासूबाईंच्या डोळ्यांतून सारखं पाणी यायचं.

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. स्वयंपाकघरात चुलीपाशी बसल्या की धुरानं डोळे थांबायचे नाहीत. त्यात घरी रोज येणारं-जाणारं. कापूस वेचणाऱ्या बाया, हुरड्याचे पाहुणे, रविवारी रोडग्याची पंगत. रोडगे म्हणजे जाड्या कणकेचे गोळे, विस्तवात भाजलेले, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. इतका जाळ घरात नको म्हणून मागच्या आंगणात मोठी चूल घालायची असं ठरलं. ठरलं म्हणजे कमलनं ठरवलं.

कमल माझी धाकटी जाऊ. पातूरची. तिचे वडील तिथल्या बाजारात भाजी घेऊन बसायचे. आमच्याकडे काळी जमीन, कपाशी, दोन बैलजोड्या. पिकवणारा मोठा आणि विकणारा लहान, अशी आमच्या घरात समजूत होती. आपणही पिकवलेलं विकूनच जगतो, हे कोणाच्या डोक्यात येत नव्हतं. सासूबाई तिला नावानं क्वचितच हाक मारायच्या. तिच्या तोंडावर तिला "भाजीवाल्याची पोट्टी" म्हणायच्या. मी ऐकून घ्यायचे, आणि मला बरं वाटायचं. ते का, हे सांगत बसत नाही. ज्या घरात दोन सुना आहेत तिथं सगळ्यांना कळतं.

चूल घालायच्या आधी कमलनं चार दिवस नुसता धूर पाहिला. आंगणाच्या एका कोपऱ्यात तुराट्या, तुरीच्या वाळक्या काड्या, पेटवायची आणि कमरेवर हात ठेवून धूर कुठं जातो ते बघत उभी राहायची. सकाळी एकदा, दिवस मावळताना एकदा. मग दुसऱ्या कोपऱ्यात.

सासूबाई म्हणाल्या, "काय व माय, चूल घालून राहिली का होळी खेळून राहिली?"

कमल म्हणाली, "वारा काही सून नाही आत्याबाई, सांगितलं तिकडं जाले."

मला हसू आलं होतं. मी ते पदरात दाबलं.

मग तिनं कुठूनशी माती आणली. भिजवली, तुडवली, पोत्याखाली झाकून ठेवली. त्या मातीला आंबूस वास सुटला. मी बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते आणि नाक मुरडत होते. तिनं विटा रचल्या, मागं पाठ उभी केली आणि धुराड्यासाठी कुंभाराच्या घरामागं पडलेले तडकलेले माठ मागून आणले. विळ्याच्या टोकानं टिचवून टिचवून त्यांची बुडं काढली. एकावर एक पालथे रचले, सांधे मातीनं लिंपले आणि भिंतीच्या वर नेले. पाच माठ. पहिल्यांदा विस्तव घातला तेव्हा धूर मुकाट वर गेला आणि पाचव्या माठातून बाहेर पडला. सासूबाई चुलीसमोर बसल्या होत्या. सवयीनं त्यांचा पदर डोळ्यांकडे गेला आणि पुसायला काही नव्हतं. त्या पदर तसाच धरून बसल्या. कमलला मात्र काही बोलल्या नाहीत.

आता वैशालीचं सांगते. त्यांनी इथं अमरावतीला घर बांधलं, मागं मोकळी जागा ठेवली. दिवाळी झाल्यावर तिनं मला फोनवर एक चित्र दाखवलं. विटांची उंच भिंत, मधे कमान, कमानीत जाळ, भोवती कट्टा, आणि कट्ट्यावर गोरी माणसं पाय पसरून बसलेली. "फायरप्लेस," ती म्हणाली. मी म्हटलं, चुलीला इंग्रजी नाव दिलं की ती पाहुण्यांना दाखवता येते. ती हसली. तिनं वाईट वाटून घेतलं नाही. ती चांगली आहे, हीच अडचण आहे. वाईट सुनेशी खोटं बोलणं सोपं गेलं असतं.

रऊफ मिस्त्री कामाला आला. पन्नाशीचा, परतवाड्याकडचा, मोजकं बोलणारा. सुधाकर त्याला म्हणाला, "आमच्या आईले इचारा. तिच्या हातची चूल पाहाले सरकारी जीप आली होती गावात."

ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. लग्नात सांगतात, बारशात सांगतात. सुरुवात सासूबाईंनी केली. थांबवायला हवी होती ती मी. मी थांबवली नाही, म्हणून ती माझ्या नातवंडांपर्यंत पोचली.

मिस्त्रीनं विचारलं, तोंड कुठं करायचं. मी म्हटलं, आधी तुराट्या पेटव आणि चार दिवस धूर बघ. त्यानं मान हलवली. "सही बात आहे, आजी." पेटवल्या. वैशालीनं चित्रात जिथं तोंड काढलं होतं तिथला सगळा धूर तिच्याच स्वयंपाकघरात शिरला. तोंड फिरवावं लागलं. मग मी माठांचं धुराडं सांगितलं, तर वैशालीनं टाळ्याच वाजवल्या. शेजारच्या बाया कुंपणावरून बघायला आल्या. "काय डोकं आहे आजींचं!" त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुसऱ्याचा दागिना घालून मिरवताना कोणीतरी येऊन म्हणावं, काय शोभतो हो तुम्हाला, तसं झालं.

पाया खणून काळी माती काढली, मुरूम भरला, भिंत उभी राहिली, माठ चढले. मग मिस्त्री माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला. "सिमेंट आगीत नाही टिकत, आजी. अंदरून मातीच पाह्यजे. कोनती घेऊ? त्यात काय काय टाकू?"

मला माहीत नव्हतं. मी बाजेवर बसले होते, माझ्यापर्यंत नुसता वास आला होता. माहीत नाही, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, "आपल्या वावरातली काळी आणा. गव्हाचं कुटार टाका, बारीक भुसा."

तो थबकला. "काळी, आजी? पक्कं?"

"मी चूल घातली का तू?" मी म्हटलं.

उन्हाळ्यात आमच्या वावराला भेगा पडतात, त्यांत माणसाचा पाय गुडघ्यापर्यंत जातो. हे मी जन्मभर पाहिलं आहे. पण घरची काळी म्हटलं की आमच्या लोकांची अक्कल तिथंच बसकण मारते. जिच्यात कपाशी छातीएवढी उभी राहते तिच्यात चूल का उभी राहणार नाही? सुधाकरनं पोतंभर माती गाडीत घालून आणली. शेतकऱ्याचा मुलगा तो. त्यालाही शंका आली नाही. शंका आली ती एकट्या मिस्त्रीला, आणि त्याचं तोंड मी बंद केलं होतं.

ती जीप आली तो दिवस. चूल होऊन आठ दिवस झाले होते. त्या चुलीच्या कामाला माझा हात तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचा लागला. बाहेरून शेणाचा हात फिरवावा आणि गेरूचे ठिपके द्यावे म्हणून मी बसले होते. कोपरापर्यंत हात भरलेले. कमल आत भाकरी थापत होती. ग्रामसेविका बाई जीपमधून उतरल्या, सुती साडी, काखेत वही. धूर न होणाऱ्या चुली गावोगाव घालायचं काम तेव्हा निघालं होतं आणि आमच्या चुलीचं त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी वाकून आत पाहिलं, माठ पाहिले, आणि विचारलं, "कोणी केली?"

सासूबाई म्हणाल्या, "आमच्या मोठ्या सुनेनं. हे काय, हात भरूनच आहेत तिचे."

त्यांना कमी दिसत होतं. पण इतकं कमी दिसत नव्हतं.

बाई माझ्याकडे वळल्या. "आमच्यासोबत पंधरा दिवस गावोगाव चला. बायकांना दाखवा. आमचं त्या ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. पुढंही काम आहे. उद्या सकाळी नऊला जीप पाठवते."

आत भाकरी थापायचा आवाज थांबला होता. तो थांबलेला मी ऐकला. आणि मी म्हटलं, "बरं."

त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी एकाच सुपात डाळ निवडली. बोलायला वेळ भरपूर होता. मी खडे वेचत राहिले.

सकाळी कमल हिरवं लुगडं नेसून आली. तिच्या लग्नातलं, जरीच्या काठाचं, ट्रंकेत ठेवलेलं. न्हालेली, वेणी घट्ट घातलेली. तशीच चुलीपाशी बसून तिनं चहा ठेवला.

सासूबाई म्हणाल्या, "काय व, कोनाच्या लग्नाले जाऊन राहिली?"

मी हसले. चांगली मोठ्यानं हसले.

नऊला जीप आली. मी घोंगडी ओढून पडून राहिले आणि ताप आल्याचं सांगायला लावलं. जाऊन शिकवणार काय होते मी? जीप थोडा वेळ थांबली, मग गेली. पुन्हा आली नाही. कमलनं त्या दिवशी त्याच लुगड्यात भांडी घासली. काठाला राख लागली. आज हे का नेसली, असं मी विचारलं नाही. नवऱ्याशी काही झालं असेल, असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते मला पुरलं.

पुढं गॅस आला. चुलीच्या विटा गोठ्याला लागल्या. वाटण्या झाल्या, नवरे गेले, कमल लेकीकडे पातूरला राहायला गेली. दोन वर्षांपूर्वी लकवा होऊन तिचा उजवा हात गेला. मी भेटायला गेले होते. सफरचंदं नेली होती.

वैशालीच्या चुलीत पहिला जाळ रविवारी झाला. सुधाकरच्या ऑफिसातली माणसं, शेजारपाजार, कट्ट्यावर सतरंज्या. ऊन कललं होतं, हवेत गारवा होता, वांग्याची भाजी रटरटत होती. विस्तव चांगला फुलला आणि आतून टिचल्यासारखा आवाज आला. मग दुसरा. आतल्या लिंपणाला बोटभर भेग गेली, आणि बघता बघता काळे पोपडे सुटून रोडग्यांवर पडायला लागले. एक मोठा तुकडा भाजीच्या पातेल्यात पडला. लोक उठून मागं सरकले.

शेजारचे वानखडे म्हणाले, "वैनी, रोडग्यात माती आहे का मातीत रोडगे?" सगळे हसले. वैशालीही हसली, पण तिचे डोळे भरले होते. महिनाभर खपली होती ती.

सुधाकर चिडला. "मिस्त्रीनं घोळ केला. आईनं सगळं नीट सांगितलं होतं त्याले."

माझ्या हातात ताट होतं. मी ताटाकडे बघितलं. बोलले नाही. दुसऱ्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आला. थापीनं काळी माती खरवडू लागला. मी जाऊन उभी राहिले. वर न बघता म्हणाला, "कुटार कमी पडलं असंन माझ्याकडून, आजी. परत करून देतो. तुमी टेन्शन नका घेऊ." काळीची ढेकळं त्याच्या पायाशी पडत होती. त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि तरी तो ते स्वतःवर घेत होता, कारण मी म्हातारी आणि घर माझं. मी घरात आले आणि पातूरला फोन लावला.

"बाई?" कमल म्हणाली. मला ती अजून बाईच म्हणते. "कोन गेलं?"

कोणी गेल्याशिवाय मी फोन करत नाही, हे तिला माहीत होतं.

"कोणी नाही. ती चुलीची माती कुठली होती गं?"

"कोनती चूल?"

"माठांची."

ती म्हणाली, "तुमी कोनती लावली?"

"काळी."

"काळी!" ती हसायला लागली. लकव्यानं तोंड एका बाजूला गेलेलं, हसणंही अर्धंच येत होतं. "अवो बाई, काळी कोन लावते चुलीले? पांढरीची आना. गावातली, पडक्या घराच्या जागची. बाकी तोंडानं नाही सांगता येत. हाताले कळते ते." आणि थोड्या वेळानं, "गाडी पाठवा. येतो मी."

सुधाकर पातूरला गेला आणि येताना गावावरून पांढरी माती घेऊन आला. कमलला आंगणात खुर्चीवर बसवलं. उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कोणाचा ठेवायला दिल्यासारखा. मी खाली पाटावर बसले. माती चाळली. भिजलेलं कुटार घातलं, लीद घातली, राख घातली, ती सांगेल तशी, पण किती ते तिला सांगता येईना. मग मी गोळा करून तिच्या डाव्या हातात द्यायचे. ती अंगठ्यानं दाबायची, डोळे मिटायची.

"नाही."

पुन्हा मळायचं. पुन्हा गोळा.

"नाही. पानी जास्त."

माझे गुडघे दुखत होते. मिस्त्री म्हणाला, "आजी, सरका, मी मळतो." मी म्हटलं, "तू बस." कितवा गोळा होता ते आठवत नाही. दुपार झाली होती. तिनं दाबला, नाकाशी नेला, तोच आंबूस वास, आणि म्हणाली, "ही."

लिंपण मी केलं. ती खुर्चीवरून बोलत होती. "कोपऱ्यात बोट फिरवा. नख नका लावू. आता राहू द्या, किती चोळता, पोर आहे का ते?" वैशाली सगळं बघत होती. तिनं काही विचारलं नाही. हुशार आहे.

चार दिवस वाळू दिलं. कमल तेवढे दिवस राहिली. आम्ही दोघी उन्हात बसायचो आणि मी बोलायचे नाही. चाळीस वर्षांची सवय.

परवा पुन्हा जाळ केला. या वेळी घरचीच माणसं, आणि मिस्त्रीला मी मुद्दाम बोलावलं होतं. हुरडा आणला होता. विस्तव फुलला. आम्ही सगळे कान देऊन बसलो. आतून आवाज आला नाही. धूर माठांतून वर गेला.

सुधाकर म्हणाला, "पाहा मिस्त्री, आईचा हात!"

मी म्हटलं, "थांब." आणि बोलले. काळी मी सांगितली होती, मिस्त्रीची चूक नव्हती, त्यानं मला विचारलंही होतं. आणि गावची चूल माझी नव्हती, ती कमलची. जीप तिच्यासाठी होती. मी नुसतं शेण फिरवलं होतं. सगळं दोन मिनिटांत झालं. इतकंच होतं ते.

मिस्त्री विस्तवाकडे बघत म्हणाला, "ठीक आहे, आजी." सुधाकर म्हणाला, "जाऊ दे ना आई, जुन्या गोष्टी." त्याला ओशाळल्यासारखं झालं होतं, माझ्यासाठी. वैशाली उठली आणि पहिलं कणीस तिनं कमलच्या ताटात ठेवलं.

कमलनं ते डाव्या हातात धरलं. एका हातानं चोळता येत नाही. मी तिच्याकडून घेतलं आणि माझ्या तळहातांवर चोळू लागले. दाणे मोकळे होऊन तिच्या ताटात पडत होते.

ती दाण्यांकडे बघत, कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "ते हिरवं लुगडं मी जीपसाठी नेसली होती, बाई. मले वाटलं, सकाळपावतर तुमी सांगान."

मग तिनं चार दाणे तोंडात टाकले आणि चावायला लागली.

कणीस अजून गरम होतं. मी ते संपेपर्यंत चोळलं आणि विस्तवातून दुसरं घेतलं.